चाकांच्या खुर्चीतील वैद्य : डॉ. सुरेश अडवाणी

स्टीफन हॉकिंग या ब्रिटिश शास्त्रज्ञाचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते. १९६३ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्यांना स्नायूंवरील ताबा हळूहळू हिरावून घेणारा असाध्य रोग जडल्याचे निदान झाले. हातपाय निकामी झाले. पुढे १९८५ साली वाचाही गेली. तरीही २०१८ साली मृत्यू येईपर्यंत ते विश्वाच्या उत्पत्तीविषयी आणि कृष्णविवरांविषयी संशोधन करीत राहिले. जानेवारी २००१ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या परिषदेसाठी ते मुंबईलाही आले होते.

हॉकिंग यांच्याविषयी बोलताना अनेक जण एक गोष्ट मनाशी धरून असतात. त्यांचे काम मुख्यतः बुद्धीचे होते. शरीर थकले तरी गणित मनात मांडता येते, असे त्यांना वाटते. पण ज्या व्यवसायात रुग्णाच्या खाटेपाशी जावे लागते, नाडी पाहावी लागते, अपरात्री रुग्णालयात धावावे लागते, तो व्यवसाय चालता न येणाऱ्या माणसाला करता येईल का? १९६० च्या दशकात मुंबईतील एका तरुणापुढे हाच प्रश्न उभा राहिला होता. प्रश्न विचारणाऱ्यांनी उत्तरही आधीच ठरवून टाकले होते. ते उत्तर चुकीचे असल्याचे त्या तरुणाने पुढे आपल्या कामाने दाखवून दिले. भारतातील पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण करणारे कर्करोगतज्ज्ञ डॉ. सुरेश अडवाणी ते हेच.

आजारातून उमटलेली इच्छा

सुरेश अडवाणी यांचा जन्म १ ऑगस्ट १९४७ रोजी कराची येथे एका सिंधी कुटुंबात झाला. त्यानंतर दोनच आठवड्यांनी देशाची फाळणी झाली. लाखो सिंधी कुटुंबांप्रमाणे अडवाणी कुटुंबालाही आपले घरदार सोडून भारतात यावे लागले. नव्या मुलखात संसार पुन्हा उभा करण्याची धडपड चालू असतानाच, वयाच्या आठव्या वर्षी सुरेशला पोलिओने गाठले.

पोलिओ हा विषाणूमुळे होणारा रोग आहे. त्याचे विषाणू दूषित पाणी, दूषित अन्न किंवा अस्वच्छ हात यांतून तोंडावाटे शरीरात शिरतात आणि आतड्यांत वाढतात. बहुतेक मुलांना थोडा ताप येतो किंवा काहीच जाणवत नाही. मात्र संसर्ग झालेल्या सुमारे दोनशे जणांपैकी एकाच्या बाबतीत हे विषाणू मज्जासंस्थेवर हल्ला करतात. स्नायूंना हालचालीचा आदेश देणाऱ्या चेतापेशी त्यात नष्ट होतात. आदेशच न मिळाल्याने स्नायू लुळे पडतात आणि पुढे वाळत जातात. नष्ट झालेल्या या पेशी पुन्हा निर्माण होत नाहीत. म्हणून हे अपंगत्व कायमचे असते. परंतु स्पर्शाची जाणीव बहुधा शाबूत राहते आणि बुद्धीला तर मुळीच धक्का लागत नाही. ही गोष्ट महत्त्वाची आहे, कारण पोलिओग्रस्त व्यक्तीकडे पाहणारा समाज नेमके हेच विसरतो.

अमेरिकेत जोनास साल्क यांनी तयार केलेली पोलिओची लस परिणामकारक असल्याचे १२ एप्रिल १९५५ रोजी जाहीर झाले. सुरेशला आजार झाला तो याच सुमारास. लस जगात आली होती. भारतातील सामान्य घरांतील मुलांपर्यंत मात्र ती अजून पोहोचायची होती. पुढचे सारे आयुष्य त्यांना चाकांच्या खुर्चीच्या आधाराने काढावे लागले.

आजारपणात त्यांना बराच काळ रुग्णालयात राहावे लागले. तेथे त्यांनी डॉक्टरांना जवळून पाहिले. वेदनेने त्रासलेल्या माणसाला धीर देणारा आणि त्याच्या आजारावर विचार करून इलाज शोधणारा माणूस त्यांच्या मनावर ठसला. आपणही डॉक्टर व्हावे, ही इच्छा त्यांच्या मनात येथेच रुजली.

प्रवेशद्वारापाशी

शालेय आणि महाविद्यालयीन शिक्षण पूर्ण करून त्यांनी मुंबईच्या ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेशासाठी अर्ज केला. शारीरिक अपंगत्वाच्या कारणावरून तो नाकारला गेला.

त्या काळाचा विचार केला तर या नकाराचे आश्चर्य वाटत नाही. अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयी स्वतंत्र कायदा नव्हता. महाविद्यालयांत आणि रुग्णालयांत जिने आणि उंबरठे होते. उतरत्या वाटा नव्हत्या. डॉक्टर म्हटला की तो दोन पायांवर उभा असलेला माणूस, हे चित्र सर्वांच्या मनात पक्के होते. म्हणून ‘हा विद्यार्थी कोणते काम करू शकेल?’ असे न विचारता ‘याला चालता येत नाही’ एवढ्यावरच निर्णय झाला.

खरे तर या समजुतीला छेद देणारे एक उदाहरण भारतातच घडलेले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयातील तरुण डॉक्टर मेरी वर्गीस यांना १९५४ साली अपघात झाला. पाठीच्या कण्याला इजा होऊन त्यांचे कमरेखालचे शरीर लुळे पडले. त्यांनी वैद्यकी सोडली नाही. कुष्ठरोगाने वाकड्या झालेल्या हातांवरील शस्त्रक्रिया बसून करता येते, हे ध्यानी घेऊन त्यांनी तीच विद्या आत्मसात केली. चाकांच्या खुर्चीत बसून त्या शस्त्रक्रिया करू लागल्या. पुढे परदेशी शिक्षण घेऊन त्यांनी १९६३ साली वेल्लोर येथे पुनर्वसन विभागाची धुरा सांभाळली. १९७२ साली त्यांना पद्मश्री हा सन्मान मिळाला. कामाची नीट फोड केली, कोणत्या भागाला हात लागतात, कोणत्याला डोळे आणि कोणत्याला बुद्धी हे पाहिले, तर वाट सापडते, असे त्यांच्या उदाहरणातून दिसत होते. मात्र एका ठिकाणचा अनुभव दुसऱ्या ठिकाणचा नियम बदलण्यास पुरेसा ठरला नव्हता.

सुरेश अडवाणी यांनी नकार मुकाट्याने स्वीकारला नाही. त्यांनी शासनदरबारी दाद मागितली, पाठपुरावा केला आणि अखेर त्याच महाविद्यालयात प्रवेश मिळवला. तेथून त्यांनी वैद्यकीय पदवी घेतली आणि पुढे एम.डी. ही पदव्युत्तर पदवीही संपादन केली. या काळात रक्ताच्या विकारांचे शास्त्र त्यांना विशेष आकर्षित करू लागले. पुढे ते मुंबईत परळ येथील टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागले. १९४१ साली सुरू झालेले हे रुग्णालय कर्करोगावरील उपचारांचे देशातील अग्रगण्य केंद्र होते.

रक्ताचा कर्करोग म्हणजे काय?

डॉ. अडवाणी यांच्या कार्याचे मोल समजण्यासाठी आधी एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. आपल्या हाडांच्या पोकळीत मऊ, स्पंजासारखा भाग असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. रक्तातील सर्व पेशी येथे तयार होतात. प्राणवायू वाहून नेणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्त गोठण्यास मदत करणाऱ्या रक्तबिंबिका या तिन्ही मज्जेतील मूळपेशींपासून जन्म घेतात.

रक्ताच्या कर्करोगात मज्जेतील काही पेशी अपक्व अवस्थेतच बेसुमार वाढू लागतात. शेतात तण माजले की पिकाला जागा उरत नाही, तसे घडते. तांबड्या पेशी कमी झाल्याने रुग्ण फिकट आणि अशक्त होतो. निकोप पांढऱ्या पेशी कमी झाल्याने वारंवार ताप येतो. रक्तबिंबिका कमी झाल्याने हिरड्यांतून किंवा त्वचेखाली रक्तस्राव होतो. अन्य अनेक कर्करोगांत गाठ शस्त्रक्रियेने काढून टाकता येते. येथे गाठच नसते. रोग साऱ्या रक्तात पसरलेला असतो. म्हणून येथे मुख्य भिस्त औषधांवर असते. औषध कोणते, किती आणि केव्हा द्यायचे, त्याचा परिणाम सूक्ष्मदर्शकाखाली कसा तपासायचा आणि रुग्णाला त्या काळात कसे जपायचे, यावर सारे अवलंबून असते. औषधांनी कर्करोगावर उपचार करण्याची ही स्वतंत्र शाखा भारतात ज्यांनी रुजवली, त्यांत डॉ. अडवाणी यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. या शाखेत वैद्याच्या पायांपेक्षा त्याच्या निरीक्षणशक्तीची आणि निर्णयशक्तीची कसोटी अधिक लागते, हे येथे लक्षात घेण्यासारखे आहे.

१९८३ चे मज्जारोपण

काही रुग्णांच्या बाबतीत नेहमीच्या मात्रेतील औषधे पुरेशी ठरत नाहीत. मात्रा फार वाढवली तर कर्कपेशींबरोबर निकोप मज्जाही नष्ट होते, आणि मज्जेवाचून माणूस जगू शकत नाही. या कोंडीतून अमेरिकेतील डॉ. ई. डॉनल थॉमस यांनी मार्ग शोधला. रुग्णाची रोगट मज्जा प्रखर औषधांनी आणि किरणोत्साराने नष्ट करावी आणि तिच्या जागी दुसऱ्या निरोगी माणसाची मज्जा द्यावी, अशी ही पद्धत होती. १९५७ पासून त्यांनी या दिशेने प्रयत्न केले. आरंभी अपयशच अधिक आले. दीर्घ संशोधनानंतर ही पद्धत स्थिर झाली आणि १९९० साली थॉमस यांना नोबेल पारितोषिक मिळाले. सिएटल येथील त्यांच्या केंद्रात डॉ. अडवाणी यांनी मज्जारोपणाचे प्रशिक्षण घेतले.

मज्जारोपणात दात्याला भूल देऊन त्याच्या कमरेच्या हाडातून सुईने मज्जा काढतात. दात्याच्या शरीरात ती काही आठवड्यांत भरून येते. रुग्णाला ही मज्जा रक्ताप्रमाणेच शिरेतून दिली जाते. त्यातील मूळपेशी रक्ताबरोबर फिरत फिरत हाडांच्या पोकळीत पोहोचतात, तेथे स्थिरावतात आणि साधारणपणे दोन ते चार आठवड्यांत नवे रक्त तयार करू लागतात.

अडचण असते ती जुळणीची. दाता आणि रुग्ण यांच्या पेशींवरील ओळखखुणा जुळल्या नाहीत, तर नव्या मज्जेतील पेशी रुग्णाच्या शरीरालाच परके समजून त्यावर हल्ला करतात. या खुणा आईवडिलांकडून येतात. त्यामुळे सख्ख्या भावंडांत त्या पूर्णपणे जुळण्याची शक्यता चारांत एक इतकी असते. शिवाय नवी मज्जा रुजेपर्यंत रुग्णाच्या अंगी रोगजंतूंना तोंड देण्याची शक्ती जवळजवळ नसते. एरवी किरकोळ वाटणारा संसर्गही या काळात जिवावर बेतू शकतो. म्हणून रुग्णाला स्वतंत्र, अतिशय स्वच्छ खोलीत ठेवावे लागते. हवा, पाणी, अन्न, हात या साऱ्यांची काळजी घ्यावी लागते. डॉक्टर, परिचारिका, रक्तपेढी आणि प्रयोगशाळा यांपैकी एकाचीही चूक येथे चालत नाही.

भारतात असे काही करता येईल का, याविषयी शंका असण्याचाच तो काळ होता. १९८३ साली टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. अडवाणी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ वर्षांच्या एका मुलीवर मज्जारोपण केले. तिला तीव्र स्वरूपाचा रक्ताचा कर्करोग होता. तिच्या भावाने मज्जा दिली. उपचार यशस्वी झाला. भारतातील हे पहिले यशस्वी अस्थिमज्जारोपण होय. ज्या विद्यार्थ्याला चालता येत नाही म्हणून वैद्यकीय शिक्षण नाकारले गेले होते, त्याच्या नेतृत्वाखाली देशाच्या वैद्यकाने हे पाऊल टाकले.

अधिक मुलांपर्यंत पोहोचलेले काम

मज्जारोपण हे मोठे यश असले तरी ते खर्चीक होते आणि मोजक्याच रुग्णांच्या वाट्याला येऊ शकत होते. डॉ. अडवाणी यांच्या कार्याचा दुसरा भाग लोकांना कमी ठाऊक आहे. परंतु त्याचा लाभ पुष्कळ अधिक मुलांना झाला.

मुलांत सर्वाधिक आढळणाऱ्या रक्ताच्या कर्करोगावर पाश्चात्त्य देशांत चांगले उपचार विकसित झाले होते. भारतात मात्र १९७० च्या दशकात मोठ्या कर्करोग केंद्रांतही शंभरातील वीसपेक्षा कमी मुले रोगमुक्त राहत असत. परदेशी पद्धत जशीच्या तशी येथे आणणे सोपे नव्हते. येथील मुले अनेकदा कुपोषित असत, उशिरा रुग्णालयात येत आणि त्यांना संसर्गाचा धोका अधिक असे. म्हणून अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेच्या सहकार्याने ‘एम.सी.पी. ८४१’ या नावाची एक ठरावीक उपचारपद्धती आखण्यात आली. १९८४ पासून मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय, चेन्नईची कर्करोग संस्था आणि दिल्लीची अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था या तीन ठिकाणी ती वापरली जाऊ लागली. सर्व रुग्णांना एकाच क्रमाने औषधे द्यायची, प्रत्येकाची नोंद ठेवायची आणि निष्कर्ष एकत्र तपासायचे, अशी ही शिस्त होती.

या पद्धतीने आणि जोडीला सुधारलेल्या शुश्रूषेने, चार वर्षे रोगमुक्त राहणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ४५ ते ६० पर्यंत गेले. या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली शोधनिबंधरूपाने प्रसिद्ध झाले. त्याचे पहिले लेखक डॉ. अडवाणी होते. एखाद्या नाट्यमय शस्त्रक्रियेसारखे हे काम डोळ्यांत भरत नाही. काटेकोर नोंदी, चिकाटी आणि सहकार्य यांतून ते उभे राहते. परंतु पूर्वी पाचांतले एक मूल वाचत होते, तेथे दोन ते तीन वाचू लागली, हा फरक त्या घरांच्या दृष्टीने अमोल होता.

टाटा स्मारक रुग्णालयानंतरही मुंबईतील जसलोकसारख्या रुग्णालयांतून डॉ. अडवाणी यांची रुग्णसेवा चालू राहिली. भारत सरकारने त्यांना २००२ साली पद्मश्री आणि २०१२ साली पद्मभूषण देऊन गौरविले.

दार कोणासाठी?

डॉ. अडवाणी यांचे चरित्र वाचून ‘जिद्द असेल तर सर्व काही जमते’ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे. परंतु तो अपुरा आहे. त्यांच्या अंगी जिद्द होती, यात शंका नाही. पण केवळ जिद्द असती आणि अखेरीस प्रवेशाचा निर्णय फिरला नसता, तर त्या जिद्दीचे काय झाले असते? किती विद्यार्थी पहिल्याच नकारानंतर परत फिरले असतील, याची नोंद कोठेही नाही. एखाद्याच्या असामान्य चिकाटीचे कौतुक करताना, त्याला एवढी चिकाटी दाखवावी का लागली, हाही प्रश्न समाजाने स्वतःला विचारला पाहिजे.

या प्रश्नाचे उत्तर देण्याचा प्रयत्न देशाने पुढे कायद्यातून केला. १९९५ साली अपंग व्यक्तींना समान संधी देणारा पहिला व्यापक कायदा झाला. त्याची जागा २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने घेतली. आधीच्या कायद्यातील सात प्रकारांऐवजी अपंगत्वाचे एकवीस प्रकार त्यात मान्य झाले आणि शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखून ठेवण्याची तरतूद झाली. ज्या पोलिओने अडवाणी यांना चाकांच्या खुर्चीत बसवले, त्याचेही भारतातून उच्चाटन झाले. येथील शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये आढळला आणि २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्यावर शिक्कामोर्तब झाले.

तरीही मूळ प्रश्न पुन्हा पुन्हा उभा राहतो. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर वाचादोष असलेल्या एका विद्यार्थ्याच्या वैद्यकीय प्रवेशाचे प्रकरण आले. अपंगत्वाची टक्केवारी ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त आहे, म्हणून तो अपात्र, असे सांगितले गेले होते. न्यायालयाने निर्णय दिला की, केवळ टक्केवारीच्या आकड्यावरून कोणालाही प्रवेश नाकारता येणार नाही. तो विद्यार्थी हा अभ्यासक्रम पूर्ण करू शकतो की नाही, हे तज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासले पाहिजे आणि आपल्या निर्णयाची कारणे दिली पाहिजेत. म्हणजे अडवाणी यांना प्रवेश नाकारताना जो प्रश्न विचारला गेला नव्हता, तो विचारणे आता बंधनकारक झाले.

‘याला काय येत नाही?’ या प्रश्नाने माणसाची पारख सुरू केली, तर ती बहुधा तेथेच संपते. ‘याला काय येते, आणि त्यासाठी त्याला कशाची मदत लागेल?’ असे विचारले, तर पुढचा मार्ग दिसू लागतो. कधी ती मदत म्हणजे जिन्याशेजारची उतरती वाट असते, कधी थोडे रुंद दार, कधी परीक्षेत मिळणारा थोडा जास्त वेळ. अशी सोय म्हणजे कोणावर केलेले उपकार नव्हेत. त्या दारातून आत येणारा विद्यार्थी पुढे कोणाचा जीव वाचवील, हे दार बांधणाऱ्याला कधीच ठाऊक नसते.